खाऱ्या वाऱ्यात बेंचरेस्ट

वाचकाचं पत्र:

“माझं वय ४१. गुहागर तालुक्यात एका शाळेत गणित शिकवते. नेमबाजीची आवड जुनी, पण गुडघा अधू असल्यामुळे उभं राहून रायफल धरणं जमत नाही. टेबलावर रायफल टेकवून मारायच्या बेंचरेस्ट प्रकाराबद्दल वाचलं आणि सुरुवात केली. घरात .१७७ बोअरची (४.५ मिमी) स्प्रिंगची एअर रायफल आहे, तिला तीन ते नऊ पटीचा ४० मिमीचा स्कोप. घराच्या बाजूला वाडीत दक्षिणोत्तर मोकळी पट्टी आहे, तिथे उत्तरेकडे तोंड करून २५ मीटरवर मारते. रविवारी सकाळी पाच छर्रे ३५ मिमीत पडतात. शाळा सुटल्यावर चार-साडेचारला बसलं की तोच ग्रुप ७० मिमी होतो आणि तिरपा पसरतो. महाग छर्रे आणले, स्कोप बदलला, फरक नाही. आता पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल, घ्यावी का? आणि या प्रकारात पुढे स्पर्धा खेळता येतील का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

पीसीपी आत्ता घेऊ नका. तुमची रायफल रविवारी आणि मंगळवारी तीच असते, छर्रेही त्याच डब्यातले. बदलतो तो वारा. सकाळी किनाऱ्यावर मतलई वारा मावळत आलेला असतो आणि खारा वारा अजून सुरू झालेला नसतो. दुपारी चारला तो जोरात असतो, पश्चिमेकडून येतो आणि तुमच्या दक्षिणोत्तर पट्टीला डावीकडून जवळजवळ काटकोनात कापतो. टेबलानं तुमच्या अंगाची थरथर काढून टाकली. त्यामुळे आधी तिच्यात लपलेला वारा आता कागदावर उघडा दिसतोय. पीसीपी घेतली तरी तिचे छर्रे याच वाऱ्यातून जाणार.

तुम्ही गणिताच्या, म्हणून हिशेबच मांडू. .१७७ चा ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा छर्रा साधारण २४४ मीटर प्रतिसेकंद वेगानं निघाला असं धरा. हवेचा अडथळा नसता तर २५ मीटरला त्याला ०.१०२५ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात लागतात सुमारे ०.११०५. हा जो ०.००८ सेकंदांचा उशीर आहे, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणलं की छर्रा किती सरकला ते मिळतं. १ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला ८ मिमी, ५ मीटर प्रतिसेकंदाला ४०. झुळूक पडताना एक छर्रा सुटला आणि झोत आल्यावर दुसरा, तर दोघांत ३० मिमीचं अंतर सहज पडतं. सकाळचे ३५ आणि हे ३०-३५ मिळून तुमचे ७० झाले.

याच्या शेजारी वेगाचा हिशेब ठेवा. २५ मीटरवर हा छर्रा नळीच्या रेषेखाली सुमारे ६० मिमी पडतो. दोन छर्र्यांच्या वेगात २ टक्के फरक असला तर उंचीत फरक पडतो अडीच मिलिमीटरच्या आसपास. लोक छर्रे तोलण्यात आणि वेग मोजण्यात महिने घालवतात, आणि टेबलापुढे वाऱ्याची एक फीतही लावत नाहीत. आमच्या मते नवशिक्याची ही सर्वांत महाग चूक आहे, कारण यात पैसे तर जातातच, पण शिकायचा काळही जातो.

तिरप्या पसरण्यालाही कारण आहे. छर्रा फिरवणारा नळीच्या आतला पीळ बहुतेक रायफलींत उजवा असतो. अशा नळीतून निघालेला छर्रा डावीकडून वारा आला की उजवीकडे सरकतो आणि किंचित खालीही जातो. वारा उजवीकडून आला तर डावीकडे आणि किंचित वर. म्हणून बदलत्या वाऱ्यातला ग्रुप घड्याळाच्या दहापासून चारकडे जाणाऱ्या तिरप्या रेषेवर पसरतो. तुमचे कागद याच दिशेनं तिरपे असतील तर वाऱ्याबद्दलची शंका संपली. उलट्या दिशेनं तिरपे असतील तर आधी रायफल कलते का ते बघा.

आता फ्लॅग, म्हणजे वारा दाखवणारी निशाणं. विकतचे हवेतच असं नाही. बांबूची काठी, तिच्या डोक्यात सायकलचा स्पोक उभा, स्पोकवर मोकळी फिरणारी बॉलपेनची रिकामी नळी, नळीला एका बाजूला पातळ प्लॅस्टिकचा पोस्टकार्डाएवढा पंख आणि पंखाच्या टोकाला अर्धा मीटर हलकी फीत. पंख दिशा सांगतो. फीत किती उचलली जाते त्यावरून जोर कळतो. फ्लॅगचं डोकं छर्र्याच्या वाटेच्या वीतभर खाली ठेवा. जमिनीलगतचा वारा आणि टेबलाच्या उंचीवरचा वारा एक नसतो. तीन फ्लॅग पुरतात: ४, १० आणि १८ मीटरवर. त्यातल्या जवळच्या दोघांवर जास्त भरवसा ठेवा. नळीजवळ बसलेला धक्का उरलेलं सगळं अंतर वाढत जातो, त्यामुळे पहिल्या निम्म्या अंतरातल्या वाऱ्याचा वाटा एकूण सरकण्यात सुमारे तीन चतुर्थांश असतो. टार्गेटजवळचं माडाचं झावळं हलतंय म्हणून नेम बदलणारे इथेच फसतात. वाडीत आणखी एक अडचण असते. गडगा, पोफळी, गोठ्याची भिंत यांच्या आडून वारा वळसे घेतो आणि ४ मीटरवरचा फ्लॅग एकीकडे, १८ मीटरवरचा दुसरीकडे दाखवतो. दोन्ही जवळचे फ्लॅग एकमेकांच्या विरुद्ध असतील तेव्हा ट्रिगरला हात लावू नका.

वाऱ्यात मारण्याच्या दोन रीती आहेत. एक, दर वेळी वारा बघून नेम तेवढा बाजूला घ्यायचा. दुसरी, दिवसभरात पुन्हा पुन्हा येणारी एक स्थिती निवडायची, सायटरवर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या लक्ष्यावर) चार-पाच छर्रे मारून त्या स्थितीत छर्रा कुठे पडतो ते बघायचं, आणि तीच स्थिती आली की मारायचं, गेली की थांबायचं. सुरुवात दुसरीनं करा. आणि निवडलेली स्थिती शांततेची नको. दुपारी चारला किनाऱ्यावर शांतता दोन क्षण येते आणि छर्रा नळीत असतानाच निघून जाते. मध्यम, सलग वाहणारा वारा निवडा. तो टिकतो.

म्हणून वेळापत्रकही असंच लावा. रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा ही तुमची प्रयोगशाळा: छर्र्यांची तुलना, रायफल कुठे टेकवायची, झिरो करणं (स्कोपचा नेम आणि छर्रा पडण्याची जागा जुळवणं), सगळं तेव्हा. संध्याकाळी फक्त वारा शिकायचा. वाऱ्यात बसून दोन डब्यांतल्या छर्र्यांची तुलना केलीत तर निष्कर्ष वाऱ्याचा निघेल, छर्र्याचा नाही. महागड्या छर्र्यांनी फरक पडला नाही असं तुम्ही लिहिलंय. ती तुलना कोणत्या वेळी केली होती ते एकदा आठवून बघा. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या कातळावरून वाफ उठल्यासारखं स्कोपमधलं चित्र लहरतं, तेव्हा सकाळ अजून अलीकडे ओढा.

आता सकाळच्या ३५ मिमीकडे येऊ. तेही निम्मे व्हायला हवेत, आणि तिथे दोष तीन ठिकाणी असू शकतो.

पहिला स्कोप. बरेच स्कोप १०० यार्डांवर पॅरॅलॅक्समुक्त केलेले असतात, म्हणजे त्या अंतरावर डोळा हलला तरी क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) लक्ष्यावरून सरकत नाही. ४० मिमीच्या काचेचा असा स्कोप २५ मीटरवर वापरला आणि डोळा मधोमध नसला तर क्रॉसहेअर बरोबर दिसूनही छर्रा जास्तीत जास्त १४ मिमी चुकू शकतो. तपासणी सोपी आहे. रायफल वाळूच्या बॅगांवर पक्की ठेवा, हात न लावता डोकं वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर कागदावर सरकत असेल तर दोष आहे. पुढच्या काचेला किंवा बाजूला अंतराची कडी असेल तर ती फिरवत हे सरकणं थांबेपर्यंत न्या. कडीवर छापलेल्या आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा. कडीच नसेल तर गाल दर वेळी एकाच जागी टेकेल इतकी उंच गादी स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) बांधा. स्कोप बदललात तो स्प्रिंग रायफलसाठी बनवलेला आहे का, हेही दुकानदाराला विचारा. स्प्रिंगचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो. साध्या स्कोपचं आतलं काम त्यानं ढिलं होतं आणि झिरो रोज थोडा थोडा सरकतो. स्कोप धरणारं माउंट मागे सरकत नाही ना, हे पट्टीवर पेन्सिलची रेघ मारून बघा.

दुसरा दोष पकडीत असतो, आणि स्प्रिंग रायफलला तो फार लागतो. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच रायफल हललेली असते, त्यामुळे ती दर वेळी एकसारखी हलायला हवी. कडक बॅगवर ठेवून घट्ट दाबली की ती उसळते. पुढची बॅग थोडी मऊ भरा, स्टॉकवर टेकायच्या जागी टेप लावून खूण करा आणि दर वेळी तीच खूण बॅगच्या कडेला आणा. ही खूण ट्रिगर गार्डच्या पुढे कुठे असावी हे रायफल ठरवते. दोन-दोन सेंटीमीटर पुढे सरकवत प्रत्येक जागी पाच छर्र्यांचे तीन ग्रुप मारून बघा. नळी कधीही बॅगवर टेकवू नका. खांद्याला बट फक्त लागेल एवढा, मुठीची पकड सैल, आणि ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराच्या मधोमध घेऊन सरळ मागे. छर्रा लागेपर्यंत डोकं उचलायचं नाही.

तिसरं टेबल. खुर्चीत बसून स्कोपमधून बघा आणि कोपरानं टेबलाचा कोपरा दाबा. क्रॉसहेअर टार्गेटवरून हलला तर ते टेबल बाद. कोकणात याचं उत्तर घरापाशीच आहे: चिऱ्याचे तीन खांब सिमेंटनं बांधून वर ४० मिमी जाडीची कडाप्पा फरशी. तीन खांब यासाठी की तीन टेकू कधी डगमगत नाहीत. चौथा आला की एक कोपरा अधांतरी राहतो. उंची ७५ ते ८० सेंटीमीटर ठेवा, पण आधी तुमच्या खुर्चीत बसून, गुडघा अवघडत नाही अशा बैठकीत मोजून घ्या. उजव्या हातानं मारत असाल तर फरशीला बसायच्या जागी डावीकडून खाच ठेवा, म्हणजे अंग टेबलाला रेलणार नाही.

मागची बॅग मोटारीच्या सीटची कव्हरं शिवणारा कारागीर उत्तम शिवतो. सुमारे १५ बाय १० सेंटीमीटरचा तळ, वर दोन उभे कान, कानांमध्ये बट बसेल अशी चीर. आत समुद्राची वाळू तशीच भरू नका. तिच्यातलं मीठ ओल ओढतं, बॅग दगड होते आणि लोखंडाला लागली की गंज. नदीची बारीक वाळू चाळून, कडक उन्हात वाळवून, ठासून भरा. समुद्राचीच वापरायची तर गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा. पुढच्या टेकूला मोटारीचा छोटा स्क्रू जॅक आणि त्यावर लाकडी पाटावर बांधलेली बॅग सुरुवातीला पुरेशी आहे. उंची स्क्रूनं बारीक बदलता येते. दमट हवेत स्टॉक बॅगला चिकटतो आणि धक्क्याबरोबर वेडावाकडा सरकतो, म्हणून कापडावर टाल्कम पावडरचा हात फिरवा.

रायफलचं कलणं हा छोटा पण सतत नडणारा दोष. ५ अंश कलली तर २५ मीटरवर छर्रा ५ मिमी बाजूला जातो. स्कोपच्या नळीवर बबल लेव्हल लावा आणि ट्रिगरआधी तिच्याकडे नजर टाकायची सवय करा.

मोजण्याची शिस्तही आत्ताच लावून घ्या. पाच छर्र्यांचे पाच ग्रुप मारायचे, भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करायचे आणि पाचांची सरासरी लिहायची. सर्वांत चांगला ग्रुप पाकिटात ठेवून फिरणाऱ्याला आपली रायफल कधीच कळत नाही. गोल डोक्याचा छर्रा साध्या कागदाला फाडतो, तेव्हा जाड कार्डशीट वापरा. उभा पसरलेला ग्रुप बॅग, पकड किंवा वेगातल्या फरकाकडे बोट दाखवतो. आडवा पसरलेला वारा, गालाचा दाब किंवा कलण्याकडे.

ग्रुप आटोक्यात आले की लगेच कार्डाकडे वळा, कारण स्पर्धा कार्डावर असते. आंतरराष्ट्रीय एअर रायफल बेंचरेस्टचं कार्ड २५ मीटरवर असतं. त्यावर २५ बुल (छोटी गोल लक्ष्यं), प्रत्येकावर एकच छर्रा, कमाल २५० गुण, आणि बाजूला सायटर. ग्रुप मारताना रायफल एका जागी बसलेली असते. कार्डावर मात्र दर छर्र्याला ती हलवून पुन्हा बसवायची असते, आणि नवशिक्याचे गुण तिथेच जातात. एक ओळ डावीकडून उजवीकडे संपवा, मग पुढची बॅग खाली घ्या, मागची बॅग चिमटून फक्त बारीक फरक काढा. कार्डाला २० मिनिटं लावा. वारा फिरला की दोन बुलांच्या मध्ये सायटरवर परत जायला लाजू नका. प्रत्येक बुलाखाली त्या वेळी फीत कुठे होती त्याचा छोटा बाण काढून ठेवा. महिनाभरानं ते बाण आणि भोकं शेजारी शेजारी बघितलीत की तुमच्या वाडीतल्या वाऱ्याचा तक्ता तुमच्या हातात असेल.

सुरक्षेबद्दल पत्रात काही नाही, म्हणून विचारतो: टार्गेटमागे काय आहे? चिऱ्याची भिंत असेल तर आजच थांबा. कठीण पृष्ठभागावरून छर्रा उलटा येतो, आणि टायरचं रबर तर तो आणखी जोरात परत फेकतं. लाकडी खोका घ्या, आत ३ मिमी लोखंडी पत्रा ४५ अंशांत तिरका, वरची कड तुमच्याकडे झुकलेली, म्हणजे छर्रा खाली वळेल. खाली वाळूचा थर. खोक्यामागे मातीचा बांध किंवा उंच भिंत हवीच. चुकलेला छर्रा ३०० मीटरपर्यंत सहज जाऊ शकतो, आणि गडग्यापलीकडे कोणी पाडेली माडावर चढलेला असेल, कोणी पाचोळा गोळा करत असेल. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा. छर्रे शिशाचे असतात, ते तोंडात धरू नका, आणि सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. खोक्यातलं शिसं मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

खाऱ्या हवेत रायफल टिकवणं हे वेगळंच काम आहे. फोमच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात ती ठेवू नका. ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात एका रात्रीत तांबेरा धरतो. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलसह, बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवून ठेवा. तेल सिलिंडरमध्ये जाऊ देऊ नका. स्प्रिंग रायफलमध्ये ते दाबाखाली पेटतं आणि वेग वेडावाकडा होतो. छर्र्यांचा उघडा डबा समुद्राकाठी पांढरा पडतो. लागतील तेवढेच बाहेर काढा. ग्रुप हळूहळू मोठे होत गेले तर नळी साफ करा, आणि त्यानंतरचे २०-३० छर्रे नळी पुन्हा बसेपर्यंत हिशेबात धरू नका.

पीसीपीचा विचार कधी करावा? सकाळची पाच ग्रुपची सरासरी २० मिमीच्या आत आणि संध्याकाळची ३०-३५ च्या आत आली की. तेव्हा ती खरंच उपयोगी पडेल, कारण तिला स्प्रिंगचा दुहेरी धक्का नाही. दर छर्र्यामागे हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर असलेली घ्या. कायद्याची मर्यादा लक्षात ठेवा: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी म्हणजे .१७७ पर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी लागतो. म्हणजे .२२ बोअरची एअर रायफल कितीही मवाळ असली तरी परवान्याची. वरच्या हिशेबातला छर्रा १६ जूलच्या आसपास येतो आणि २५ मीटरला तेवढं भरपूर आहे. हातपंपानं भरणार असाल तर ओल शोषणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या. आपल्या दमट हवेत पंपाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि आतून गंज चढतो. तिथे पेट्रोलियमचं तेल तर अजिबात नको. उच्च दाबाच्या हवेत ते भडकतं.

स्पर्धेबद्दल स्पष्टच लिहितो. बेंचरेस्ट ऑलिम्पिकमध्ये नाही, आणि आपल्याकडच्या जिल्हा व राज्य स्पर्धांचा साचा मुख्यतः ऑलिम्पिकच्या प्रकारांवर बेतलेला आहे: १० मीटर एअर रायफल उभ्यानं आणि ५० मीटर तीन पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं). त्यामुळे पदकांच्या शिडीसाठी हा मार्ग धरू नका. खेळ म्हणून धरलात तर जगात तो मोठा आहे. वर्ल्ड रिमफायर अँड एअर रायफल बेंचरेस्ट फेडरेशन २५ मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाची रायफल) अशा दोन्हीच्या स्पर्धा घेते. नियमपुस्तक मिळवा आणि सरावाची कार्डं त्याच मापानं छापून घ्या. तुमच्यासाठी चांगली बाब अशी, की .२२ ची गोळी ५० मीटरवर १ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यानं साधारण ७ ते ८ मिमीच सरकते, म्हणजे तुमच्या छर्र्याएवढीच. आज वाडीत जे शिकाल ते पुढे ५० मीटरवर जवळजवळ जसंच्या तसं लागू पडेल. .२२ ला मात्र परवाना लागतो. त्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा असतो, आणि त्याआधी रायफल संघटनेचं सभासदत्व आणि शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण हाताशी असलेलं बरं.

एकटीनं सराव करण्यापेक्षा महिन्यातून एकदा तरी रेंजवर जा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब, पुण्यात बालेवाडीची रेंज. तिथे मुख्य शिकवणी उभ्या पोझिशनची असेल, तरी ट्रिगर आणि रेंजची शिस्त तिथेच नीट शिकायला मिळते. २५ मीटरवर टेबल टाकून मारू देतील का, हे फोनवर आधी विचारून ठेवा. जाताना रायफल रिकामी, केसमध्ये बंद, छर्रे वेगळ्या पिशवीत, आणि खरेदीचं बिल व ओळखपत्र सोबत ठेवा. एसटीनं जाणार असाल तर सामान घेऊ देतात का, हे डेपोत आदल्या दिवशीच विचारून घ्या.